तुमचे प्रश्न : अंगावर पिणाऱ्या बाळाचं वजन वाढत नाहीये, दूध पुरत नसेल का?

या महिन्यात एकाच विषयावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतेय, ज्यांचं राहिलं त्यांनी रागावू नका. विषय आहे तान्ह्या बाळाचं वजन. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, "घरात सगळे म्हणतात दूध पुरत नाही". हे वाक्य आपल्याकडे फार लवकर बोललं जातं, आणि बाळ दिवसातून किती वेळा पितं, कसं धरतं, शू किती करतं हे मात्र कुणी बघत नाही, त्यामुळे यावेळी जरा सविस्तर लिहितेय. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, पहिलं बाळंतपण, सिझर झालं. मुलगी ३८ व्या आठवड्यात झाली, वजन २ किलो ९०० होतं. चौथ्या दिवशी डिस्चार्जच्या वेळी २ किलो ६८० भरली, तेव्हा सिस्टर म्हणाल्या एवढं कमी होतंच. आता मी माहेरी कराडजवळ आहे. काल अठराव्या दिवशी इथल्या दवाखान्यात वजन केलं तर २ किलो ८६०, म्हणजे अजून जन्माएवढंही नाही. ती फार शांत आहे, रडत नाही, सकाळी मालीश-आंघोळ झाली की चार तास गाढ झोपते, रात्री पण पाच तास उठत नाही. दिवसातून सहा-सात वेळा पिते, मी दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं घेते. डाव्या बाजूला खूप दुखतं, निप्पलला चीर पडलीये. शू पाच वेळा, शी एक-दोनदा. बाराव्या दिवसापासून आजीने गुटी सुरू केलीये. छाती आधी दगडासारखी भरायची, आता मऊ झालीये. पंपाने काढून बघितलं तर दोन्ही मिळून वीस मिली पण निघालं नाही. सासूबाई रोज फोनवर विचारतात वरचं दूध सुरू केलं का. आई म्हणते थांब, येईल दूध. मला काहीच कळेना, रात्री झोप पण लागत नाही. – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : अगं, पत्र वाचून पहिलं वाटलं की तू किती नीट सगळं लिहून ठेवलंयस, तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे.

आधी आकड्यांचं बघू. जन्मल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन उतरतं, ७ टक्क्यांपर्यंत सर्रास, १० टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर लक्ष घालतात. तुझ्या लेकीचं साडेसात टक्के उतरलं, सिझरमध्ये आईला सलाईन बरीच जातात आणि त्या पाण्याने बाळाचं जन्माचं वजन थोडं फुगलेलं असू शकतं, त्यामुळे तिथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. पुढे मात्र बहुतेक बाळं दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत गाठतात आणि मग पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतात. तुझी लेक चौदा दिवसांत १८० ग्रॅम वाढली, म्हणजे रोजचे तेरा ग्रॅमच्या आसपास. हे कमी आहे. घाबरण्याएवढं नाही, पण "येईल दूध, थांब" म्हणत अजून पंधरा दिवस काढण्यासारखंही नाही. आई आणि सासूबाई दोघींचंही अर्धं अर्धं बरोबर आहे बघ.

एक शंका आहे. पहिलं वजन एका काट्यावर, दुसरं वेगळ्याच काट्यावर, आणि दुसऱ्यांदा बहुतेक झबलं-दुपट्यासकट झालं असेल. दोन काट्यांत पन्नास-शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो. म्हणून आता एकच काटा ठरव, बाळ पूर्ण उघडं, डायपर पण नको, आणि शक्यतो पाजायच्या आधी. दर तीन-चार दिवसांनी त्याच काट्यावर. पण काट्यावर शंका आहे म्हणून वाट बघायची नाही, कारण शू पाच वेळा आणि शी एक-दोनदा हे पण जरा कमीच आहे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा भरपूर ओले लंगोट आणि पहिल्या महिन्यात तीन-चार वेळा पिवळी पातळ शी, एवढं झालं की दूध पोटात जातंय असं समजायचं. (महिन्या-दीड महिन्यानंतर शीचं गणित बदलतं, अंगावरचं बाळ दोन-चार दिवस शी न करता पण छान असतं, पण तुझी लेक अजून अठरा दिवसांची आहे.)

तर उद्या-परवात बालरोगतज्ज्ञांना दाखव. ते बाळाची कावीळ बघतील, जीभ खालून चिकटलेली आहे का, तोंडातला टाळा बरोबर आहे का, हृदयाचे ठोके, अंगाची उष्णता, गरज वाटली तर लघवीची आणि थायरॉइडची तपासणी सांगतील. कधीकधी वजन न वाढण्याचं कारण बाळात असतं आणि दुधाला उगाच दोष जातो. तुझंही त्यांना सांग: थायरॉइडच्या गोळ्या आहेत का, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास) होतं का, सिझरमध्ये रक्त खूप गेलं होतं का, अजून लालभडक अंगावरून जातंय का. वार थोडी जरी आत राहिली असेल तर दूध नीट उतरत नाही, आणि हे कुणी विचारल्याशिवाय बाया सांगत नाहीत.

आणि हे आईला मोठ्याने वाचून दाखव. बाळ प्यायला उठेनाच, हातपाय सैल पडले, अंग तापलं (१००.४ च्या वर) किंवा उलट गार पडलं, श्वास जोरजोरात चालतोय किंवा छाती आत ओढली जातेय, तळहात-तळपाय पिवळे दिसतायत, टाळू खोल गेलीये, आठ तास शूच नाही किंवा लंगोटावर विटकरी रंगाचा डाग पडतोय, झटका आला, तर दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट वगैरे नाही, त्याच वेळी हॉस्पिटल. रात्र असली तर १०८ ला फोन.

आता घरात आजपासून काय करायचं ते.

मला सगळ्यात खटकलं ते तुझ्या लेकीचं "शांत" असणं. तान्हं बाळ शांत आहे, रडत नाही, याचं घरात फार कौतुक होतं, पण पहिल्या महिन्यात कमी दूध पोटात जाणारं बाळ शक्ती वाचवायला झोपतं, आणि झोपतं म्हणून पीत नाही. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं व्हायला हवं, तुझं सहा-सात होतंय. सकाळचे चार तास आणि रात्रीचे पाच तास, इथेच दोन-तीन वेळचं पाजणं गेलं. मालीशवाल्या बाई येतात, चांगलं तासभर रगडतात, कढत पाण्याची आंघोळ, मग दुपट्यात गच्च गुंडाळून शेक, मूल थकून झोपणारच. मालीश बंद कर म्हणत नाहीये, हलक्या हाताने दहा-पंधरा मिनिटं, आंघोळीच्या आधी एकदा पाजून, आणि धुरी अजिबात नको, त्या धुराचा त्रास बाळाच्या छातीला होतो. झोपल्यावर दोन-अडीच तासांनी तू उठव. रात्री तीन तासांच्या वर जाऊ देऊ नको. उठवायचं म्हणजे दुपटं सोडायचं, लंगोट बदलायचा, तळपायाला बोट फिरवायचं, नुसत्या लंगोटावर तुझ्या उघड्या छातीला लावून वरून साडी-शाल घ्यायची. कातडीला कातडी लागली की बाळ आपणच तोंड वळवून शोधायला लागतं. रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही याला अजून एक कारण आहे, दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हार्मोन रात्री जास्त असतं. आणि वजन जन्माच्या वर जाऊन नीट वाढायला लागलं, डॉक्टर हो म्हणाले, की मग रात्री उठवायची गरज राहणार नाही, तेवढेच दिवस दम काढ.

गुटी. आजीचा जीव आहे पणतीवर म्हणूनच ती सहाणेवर वेढे मोजून उगाळतेय, हे मला कळतं, पण आत्ता ही गुटी बंद करा. जायफळाने गुंगी येते. वेखंड इतक्या लहान जिवाला द्यायची गोष्ट नाही. सहाण, पाणी, बोट यातून जंतू जातात, आणि मध असेल तर मधाने बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध चाटवायचाही नाही. आधीच झोपाळू असलेल्या बाळाला झोप आणणारी वस्तू द्यायची, आणि मग वजन का वाढत नाही विचारायचं, हे कसं चालेल? आजीला हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, तुझ्याकडून ऐकलं तर वाद होईल. पाणी, ग्राइप वॉटर, साखरपाणी पण नको, तेवढी पोटातली जागा दुधाची जाते. सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि डॉक्टर देतील ते व्हिटॅमिन डी चे थेंब.

मग डावी बाजू. चीर पडलीये म्हणजे बाळ नुसतं निप्पल चावतंय, छाती तोंडात नीट घेत नाहीये, आणि असं धरलं की आईला दुखतं आणि बाळाला दूधही कमी मिळतं, दोन्ही त्रास एकाच गोष्टीचे. तू पाठ टेकून सरळ बस, सिझरच्या टाक्यांवर भार नको म्हणून मांडीवर उशी घे किंवा बाळाला काखेखालून धर. बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं, मान-पाठ-कंबर एका रेषेत, मान वळवून प्यावं लागता कामा नये. निप्पल तिच्या नाकासमोर धर, वरच्या ओठावर घास, आणि ती जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांब, मग तू तिच्याकडे वाकू नको, तिलाच पटकन आपल्याकडे ओढ, हनुवटी आधी टेकली पाहिजे. नीट धरलं असेल तर हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला, तोंड मोठं उघडं, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो, खाली कमी. सुरुवातीला पटापट चोखेल, मग पान्हा फुटला की एक-दोन संथ घोट, गिळल्याचा आवाज, थोडी थांबेल, परत. गाल आत खोल जात असतील, चुकचुक आवाज येत असेल, दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडव आणि परत लाव. चार वेळा लावावं लागलं तरी लाव. चिरेवर तुझ्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू दे.

घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं नको. एका बाजूला ती आपण होऊन सोडेपर्यंत पिऊ दे, कारण छाती जशी रिकामी होत जाते तशी दुधातली साय वाढते आणि वजन त्या सायीवर वाढतं. पिता पिता डुलकी लागली, गिळणं थांबलं, की छाती हाताने हळूच दाबून धर, दूध तोंडात येतं आणि ती परत गिळायला लागते. मग ढेकर काढून दुसरी बाजू दे. पुढच्या वेळी सुरुवात दुसऱ्या बाजूने.

पाजून झाल्यावर दिवसातून निदान चार-पाचदा हाताने किंवा पंपाने पाच-दहा मिनिटं दूध काढ आणि ते बोंडल्याने नाहीतर वाटी-चमच्याने तिलाच पाज. बाटली नको, बाटलीची चोखायची पद्धत वेगळी, आत्ताच छाती धरायला शिकतेय. वाटी-चमचा-बोंडलं उकळून घेतलेलं असू दे. याने दोन्ही कामं होतात, तिला जास्तीचं दूध मिळतं आणि शरीराला निरोप जातो की अजून लागतंय. दूध जितकं निघतं तितकं बनतं.

पंपात वीस मिली आलं म्हणून रडू नको. पंप म्हणजे बाळ नव्हे, पंपाला कित्येकींचा पान्हाच फुटत नाही, आणि बाळाने पिऊन झाल्यावर काढलं असशील तर वीस मिली वाईट पण नाही. छाती मऊ झाली ही पण एकट्याने चिंतेची गोष्ट नाही, सुरुवातीची ती दगडासारखी सूज काही आठवड्यांत उतरतेच. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं, किरकिर करतं, याचाही अर्थ दूध आटलं असा होत नाही. बघायचे ते लंगोट आणि काटा.

वरच्या दुधाचं शेवटी. एवढं करून तीन-चार दिवसांत रोजचे वीस ग्रॅम दिसले नाहीत किंवा डॉक्टरांना आत्ताच बाळ सुकल्यासारखं वाटलं, तर ते काही दिवस फॉर्म्युला, म्हणजे तान्ह्यांचं डब्याचं दूध सांगतील, किती मिली आणि किती वेळा तेही सांगतील. तेव्हा नाही म्हणू नको. उपाशी बाळाला छाती ओढायची ताकद नसते, दोन-चार दिवस नीट पोट भरलं की तेच बाळ अंगावर जोमाने प्यायला लागतं. फक्त प्रत्येक वेळी आधी अंगावर, मग काढलेलं दूध, मग फॉर्म्युला, हा क्रम सोडायचा नाही आणि काढणं चालू ठेवायचं. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, वाढवायचं नाही. दुकानदाराच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून मात्र डबा आणायचा नाही. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने तान्ह्यांच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे, उगाच नाही.

आणि तुझं जेवण. बाळंतिणीला पाणी कमी, डाळ नको, भात नको असलं काही असेल तर बंद. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, मेथी, खुशाल खा, अंगात ताकद येते, पण लाडवाने दूध वाढेल आणि पाजणं तेवढंच राहील असं होत नाही. तहान लागेल तेवढं पाणी पी, पोटभर जेव. बाळ झोपलं असताना पण झोप लागत नाही, सारखं रडू येतं, नको नको ते मनात येतं असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तेही त्याच डॉक्टरांना सांग, त्यात लाजायचं काही नाही, औषध आहे त्याला, आणि पाजत असताना चालणारं औषध आहे.

प्रश्न : मॅडम मी आशा कार्यकर्ती आहे, आमचं गाव डोंगराळ भागात आहे. एका बाळाचं जन्माचं वजन २.७, तिसऱ्या दिवशी २.६, सातव्या दिवशी २.५, चौदाव्या दिवशी २.६. माझ्या झोळीच्या काट्यावर शंभर ग्रॅमच्या रेघा आहेत. पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) लांब आहे, आई म्हणते बाळ चांगलंय. पुढची भेट एकविसाव्या दिवशी आहे, तोपर्यंत थांबू का? – आशा कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा

उत्तर : ताई, थांबू नका, उद्याच जा. चौदाव्या दिवशी जन्माचं वजन आलेलं नाही हे एक, आणि तुमच्या काट्यावर एक रेघ म्हणजे बाळाची चार-पाच दिवसांची वाढ, त्यामुळे २.५ आणि २.६ मधला फरक खरा का काट्याचा हेच सांगता येत नाही. जाताना झोळी रिकामी लावून काटा शून्यावर आहे का बघा, मग बाळ उघडं करून, डोळ्यासमोर सुई धरून वाचा.

पण उद्याचं खरं काम वजन नाही, उद्या तिथे बसा आणि एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. कसं धरलंय, गिळल्याचा आवाज येतो का, किती वेळात झोपतं. काल सकाळपासून किती वेळा पाजलं, शू किती झाली हे आईला विचारा, सासूला नको. बाळाच्या तळपायाला हात लावून बघा, गार असतील तर त्याचं अर्धं दूध अंग गरम ठेवण्यातच चाललंय, टोपी-मोजे आणि आईच्या उघड्या छातीला लावून ठेवणं, थंडीत तर दिवसातले जास्तीत जास्त तास. आई शेतात जायला लागलीये का तेही बघा, तसं असेल तर दुपारचं दूध काढून ठेवायला शिकवा, साध्या खोलीत झाकून चार तास चालतं. दोन-तीन दिवसांनी परत वजन, रेघ हलली नाही किंवा शू सहापेक्षा कमी, तर १०२ ची गाडी मागवून पाठवा, आई "चांगलंय" म्हणाली तरी.

तुम्ही करता ते काम लहान समजू नका. घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली, गावातल्याच बायांना शिकवून, आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात त्याचं मूळ तिथलं आहे. ठरलेल्या तारखांच्या मध्ये जास्तीची भेट द्यायला कुणाची ना नाही.

प्रश्न : माझी नात अडीच महिन्यांची आहे. जन्माला २ किलो ४०० होती, आता साडेचार किलो आहे. शेजारचं त्याच वयाचं बाळ सहा किलोचं आहे, गुटगुटीत. सून म्हणते फक्त अंगावरच पाजणार. आम्ही आमची मुलं गायीच्या दुधात पाणी घालून वाढवली, काही झालं नाही. सुनेला समजवा. – एक आजी, जळगाव

उत्तर : आजी, नमस्कार. तुमची काळजी मायेची आहे, पण यावेळी मी सुनेच्या बाजूने आहे. नात अडीच महिन्यांत २ किलो १०० ग्रॅम वाढली, रोजचे जवळजवळ ३० ग्रॅम होतात ते. ही वाढ छान आहे. ती जन्मालाच बारीक होती, शेजारचं बाळ कदाचित साडेतीन किलोचं जन्मलं असेल, मुलगा असेल तर मुलं तशीही थोडी जड असतात. दोन बाळांची तुलना करायची नसते, बाळाची तुलना त्याच्याच मागच्या वजनाशी करायची. तुमच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड असेल, त्यात मुलींसाठी गुलाबी तक्ता आहे, सुनेला म्हणा प्रत्येक वजनाचा ठिपका मांडून जोडायला. रेघ वर चढतेय आणि छापलेल्या रेघांना धरून चाललीये तर खालच्या रेघेजवळ असली तरी चालतं. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर डॉक्टर. हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिले, अंगावर पिणाऱ्या मुलांचं वजन मोजून केलेले, आणि त्या सहा देशांत आपला भारतही होता, दिल्लीची मुलं होती त्यात. म्हणजे गोऱ्या मुलांचं माप आपल्याला लावलंय असंही नाही.

गायीच्या दुधाचं म्हणाल तर ते वासराच्या वाढीसाठी असतं, त्यात प्रथिनं आणि क्षार इतके की तान्ह्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो, लोह जवळजवळ नसतं, आणि लहान बाळाच्या आतड्यातून त्याने थोडं थोडं रक्त जाऊ शकतं, ते डोळ्याला दिसत पण नाही, मूल पांढरं पडतं तेव्हा कळतं. पाणी घातलं की क्षार कमी होतात पण मग पोट नुसतं पाण्याने भरतं. वर्षभर गायीचं दूध प्यायला द्यायचं नाही. तुमची मुलं वाढली हे खरंच आहे, पण त्याच काळात गावात जुलाबाने किती पोरं गेली ती पण तुम्हाला आठवत असतील.

तुम्ही एक करा, सून पाजायला बसली की तिला पाण्याचा तांब्या आणि काहीतरी खायला नेऊन द्या, आणि पाहुण्यांपैकी कुणी "बारीक दिसतेय गं" म्हणालं की तुम्ही उत्तर द्या, तिला द्यायला लावू नका. तुमच्या एका वाक्याने जेवढा फरक पडेल तेवढा माझ्या पानभर लिहिण्याने पडणार नाही.

प्रश्न : आमचा मुलगा पाच आठवड्यांचा आहे, जन्म ३.१ किलो, आता ४ किलो. मी ऑनलाइन डिजिटल काटा मागवला, प्रत्येक पाजण्याच्या आधी आणि नंतर वजन करून ॲपमध्ये टाकतो. कधी ७० ग्रॅम येतं, कधी १५. कमी आलं की बायको रडते. किती ग्रॅम यायला हवं? – एक बाबा, पिंपरी

उत्तर : पाच आठवड्यांत ९०० ग्रॅम, म्हणजे रोजचे पंचवीसच्या वर. तुमचा मुलगा उत्तम वाढतोय, तो काटा कपाटात वर ठेवा. प्रत्येक वेळी ठरावीक आकडा यायला हवा असं काही नसतंच, आपण तरी सकाळच्या चहाला आणि दुपारच्या जेवणाला सारखं खातो का, काही वेळा त्याला नुसती तहान असते, काही वेळा जवळ यायचं असतं. आधी-नंतर वजन करायची पद्धत खरीच आहे, पण ती हॉस्पिटलमध्ये अशक्त बाळांसाठी, दोन ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर, शिकलेली सिस्टर करते. घरच्या काट्यावर बाळाने पाय झाडला तरी वीस ग्रॅम इकडे तिकडे होतात, आणि त्या वीस ग्रॅमसाठी बायको रडतेय. ताण आला की पान्हा फुटायला वेळ लागतो, म्हणजे ॲपमधला आकडा अजून खाली.

तुम्हाला काहीतरी करायचंय हे दिसतंय, तर रात्री दीडला बाळ उठलं की लंगोट तुम्ही बदला आणि बायकोच्या हातात द्या, पिऊन झालं की ढेकर तुम्ही काढा, ती लगेच झोपू दे. लंगोट मोजायचे असतील तर मोजा, सहाच्या वर असले की झालं. सकाळी नाश्ता तिच्या हातात द्या. बाळाला छातीवर उघडं घेऊन बसायला बाबा पण चालतात. पुढच्या आठवड्यात दीड महिन्याच्या लसी आहेत, तिथे वजन होईलच, तोवर काट्याला हात लावू नका.